चौकटीतले विमान

खानदेशातील जुन्या व्यापारी घरांत वह्या जपल्या गेल्या; छायाचित्रांच्या वाट्याला मात्र तेवढी काळजी आली नाही. रोजमेळात चार आण्यांचा हिशेब आजही सापडतो, पण भिंतीवरच्या चौकटीत उभ्या असलेल्या सहा जणांपैकी चौघांची नावे घरात कोणालाच सांगता येत नाहीत. त्यातच पाठीमागे एखादे विमान उभे असेल, तर तर्काला वाव मिळतो. ‘आजोबांचे चुलतबंधू लढाईत वैमानिक होते’ असे कोणी सहज म्हणतो आणि पुढच्या पिढीत तोच कुळाचा इतिहास होतो.

अशा छायाचित्रात प्रथम माणसे पाहू नयेत, विमान पाहावे. विमान भावनेच्या आहारी जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात देणगीतून विमाने घेण्याची पद्धत होती. ब्रिटनमध्ये एका स्पिटफायरसाठी ५००० पौंड हा आकडा ठरून गेला होता आणि देणाऱ्याचे नाव विमानाच्या अंगावर रंगवले जाई. आपल्याकडे मुंबईच्या युद्ध-देणगी निधीतून १९४१ मध्ये भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला १२ लायसँडर विमाने मिळाली. तीच घेऊन स्क्वाड्रन लीडर के. के. मजुमदार १९४२ च्या फेब्रुवारीत ब्रह्मदेशातील टाँगूच्या तळावर उतरले. लागलीच जपानी विमानांनी त्या तळावर बॉम्ब टाकले. दुसऱ्या दिवशी मजुमदार एकच लायसँडर घेऊन शत्रूच्या तळावर चालून गेले. हे विमान मुळात टेहळणीसाठी आणि सैन्याशी संपर्क ठेवण्यासाठी बनवलेले, संथ गतीचे; त्याच्याकडून बॉम्बफेकीचे काम करून घेतले गेले. मजुमदारांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस दोनदा मिळाला आणि १७ फेब्रुवारी १९४५ रोजी लाहोर येथे विमान अपघातात त्यांचा अंत झाला.

लायसँडर ओळखणे सोपे आहे. पंख वैमानिकाच्या डोक्यावर, तिरप्या टेकूंनी तोललेले. पुढे गोल तोंडाचे इंजिन. चाके पोटात न मिटणारी आणि त्यांच्यावर बुटासारखी मोठी आवरणे. हरिकेनचे पंख खाली असतात, नाक लांब असते आणि आत एकट्याचीच जागा असते. भारतीय स्क्वाड्रनांकडे हरिकेन आली ती १९४२ पासून. म्हणजे भारतीय वैमानिक हरिकेनपुढे उभे असतील, तर ते छायाचित्र त्याआधीचे असू शकत नाही. विमानावर एखाद्या शहराचे नाव दिसले, तर ते छायाचित्र तेथे काढले असे समजू नये. ते देणाऱ्याचे नाव असू शकते. ‘व्हीटी’ ही रोमन अक्षरे दिसली, तर ते विमान नागरी नोंदणीचे आहे, लढाऊ दलाचे नाही. आणि जळगावची धावपट्टी १९७३ ची आहे, एवढे लक्षात ठेवले तरी महायुद्धातील विमान जळगावच्या विमानतळावर उतरवणाऱ्या कथा थांबतील.

पंखांवरचे वर्तुळाकार चिन्हही वर्ष सांगते. जपानी विमानांवर लाल गोळा असे. त्याच्याशी गल्लत होऊ नये म्हणून १९४२ च्या मध्यापासून या आघाडीवरील आपल्या बाजूच्या विमानांवरचा मधला लाल ठिपका काढून टाकण्यात आला. स्वातंत्र्यानंतर काही काळ तेथे चक्र होते आणि १९५० पासून केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ आले. मात्र कृष्णधवल छायाचित्रात रंग फसवतात. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग काळा आणि निळा फिकट उतरत असे. ‘मधला ठिपका काळा दिसतो, म्हणजे तो लाल नव्हे’ हा तर्क त्यामुळे टिकत नाही.

देणगीविषयी थोडे विषयांतर. त्या वेळी जळगाव पूर्व खानदेशाचे आणि धुळे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठिकाण, आणि दोन्ही जिल्हे मुंबई प्रांतात होते. युद्धनिधीची एखादी जुनी पावती आपल्या दप्तरात निघाली, तर ती लपवण्याचे कारण नाही आणि मिरवण्याचेही नाही. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ विनोबांनी केला, तो युद्धाला माणसांनी वा पैशाने साहाय्य न करण्याच्या आवाहनाने. हेच विनोबा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलले होते आणि साने गुरुजींनी ती प्रवचने टिपून घेतली होती. एकाच घरात युद्धनिधीची पावती आणि सत्याग्रहींचे छायाचित्र शेजारी शेजारी सापडणे अशक्य नाही. संकल्पी आणि विरोधी हिंसेचा भेद शिकलेल्या समाजाने त्या पिढीची अडचण समजून घ्यावी; निवाडा देण्याची घाई करू नये.

आता माणसे. गणवेशावर वैमानिकाचे पूर्ण पंखाचे चिन्ह डाव्या छातीवर असते. तोफची किंवा टेहळ्या यांना अर्ध्या पंखाचे. ते चिन्ह उजवीकडे दिसले, तर छायाचित्र उलटे छापले गेले आहे आणि मागे लिहिलेली ‘डावीकडून’ची सगळी नावे चुकीच्या माणसांना चिकटली आहेत. अंगात साधा कोट असेल, तर गुंड्या पाहाव्यात: पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असेल आणि त्यात ‘पू. खा.’ असेल, तर तो १९०६ ते १९६० या काळातला.

चेहरा मात्र एवढ्या सहजी वश होत नाही. १९७१ च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे सुखोई-७ विमानातून पाकिस्तानातील शोरकोट रोड तळावर हल्ल्यासाठी गेले आणि परतले नाहीत. त्याच दिवसांत पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या एका पाकिस्तानी बातमीत त्यांच्या नावाशी जुळणारे नाव छापून आले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांनी त्या नावाचा माग अनेक दशके सोडला नाही. मेजर ए. के. घोष यांच्या कुटुंबाने ‘टाइम’ साप्ताहिकाच्या २७ डिसेंबर १९७१ च्या अंकातील गजांआडच्या कैद्याच्या छायाचित्रात आपला माणूस ओळखला. भारत सरकारच्या यादीत अशा ५४ बेपत्ता सैनिकांची नावे आहेत. २००७ च्या जूनमध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. कोणीही सापडले नाही, आणि असे कैदी आपल्याकडे नाहीत हे पाकिस्तानचे म्हणणे कायम आहे. एका धूसर चेहऱ्यावर कुटुंबाचे आयुष्य उभे राहते, ते असे. घरच्यांची ओळख हा मोठा पुरावा आहे, असे माझे मत आहे. पण त्याला नोंदीची, तारखेची, दुसऱ्या साक्षीची जोड मिळाली नाही, तर तो त्या घराच्या दारातच अडून राहतो.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रिया सांगितली आहे. फसवण्याच्या हेतूने केलेले खोटे लिखाण, हा तिचा अर्थ आपण व्यापारी जाणतोच. छायाचित्राखाली अंदाजाने घातलेले नाव त्या कक्षेत येत नसेल. तरी सही नसलेली हुंडी आपण स्वीकारत नाही, मग साक्ष नसलेले नाव चौकटीत का स्वीकारावे?

काम या चातुर्मासात होण्याजोगे आहे. घरातील नव्वदीच्या आत्याबाई, मामी, जुने मुनीमजी यांना छायाचित्र एकेकट्याने दाखवावे. चारचौघांत दाखवले, की पहिल्याचे उत्तर सगळ्यांचे होते. आपण होऊन नाव सुचवू नये. जे कळेल ते मागे मऊ पेन्सिलीने लिहावे, शाईने नाही, कारण शाई पुढे उतरते. नावासोबत ते कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी, हेही लिहावे. दोघांची साक्ष जुळली नाही, तर दोन्ही नावे ठेवावीत. आणि ज्याला कोणीच ओळखले नाही, त्याच्या जागी तारीख घालून ‘अज्ञात’ असे लिहावे.