घर पाहावं बांधून... पण मातीला विचारून

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात बांधकामाचा हंगाम कापसाच्या मागून येतो. दिवाळीनंतर वेचणी, मग विक्री, संक्रांतीच्या आसपास हातात चार पैसे, आणि मग घराघरात दोनच विषय: लग्न आणि बांधकाम. पाया फेब्रुवारीत खणला जातो, भिंती मार्च-एप्रिलमध्ये चढतात आणि स्लॅब पडतो तो थेट मे महिन्यात. पावसाच्या आत घरात शिरायचं असतं ना! म्हणजे बघा, जमीन सर्वांत कोरडी आणि भेगाळलेली असताना पाया, आणि पारा पंचेचाळिसाला टेकलेला, विहिरी तळाला गेलेल्या असताना स्लॅब. सिमेंटला पाणी हवं, नेमकं तेव्हाच गावात पाणी नाही.

यंदा आमच्या नात्यातच तीन घरं निघाली आहेत. एक आतेभावाचं, निवृत्तीच्या पैशातून. एक मावसबहिणीचं, जुनं पाडून. एक चुलतपुतण्याचं, घरकुलाच्या हप्त्यांवर. माझी उभी नोकरी बांधकामावर गेली म्हणून तिघांचेही फोन येतात, आणि तिघंही विचारतात तेच: एलिव्हेशन कसं काढू, टाइल्स कुठल्या घेऊ, देवघर कोणत्या कोपऱ्यात? खाली माती कोणती आहे हे मात्र एकानंही आपणहून सांगितलं नाही. म्हणून माझं मत एकदाच सविस्तर लिहून टाकतो. घराचा पैसा आधी जमिनीखाली घालावा, मग पाण्यावर, मग छपराच्या सावलीवर. उरला तर रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूवर.

मातीपासून सुरू करू. जी काळी माती आपल्याला कापूस देते तीच घराची सर्वांत मोठी वैरी. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत त्याच मिटतात, हे आपण लहानपणापासून बघतो. पण त्याच मातीवर भिंत उभी केली की ती दर वर्षी वर उचलली जाणार आणि खाली बसणार, हे आपल्या डोक्यात येत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली चीर, घासणारं दार, मधूनच फुगलेली फरशी, हे सगळे त्याचेच खेळ. लोक त्या चिरेत दर दिवाळीला पुट्टी भरतात. पुढच्या दिवाळीला चीर हजर!

बरं, सगळ्या जिल्ह्यात माती सारखी नाही. यवतमाळ शहर पठारावर आहे, तिथं बऱ्याच ठिकाणी दोन-चार फुटांवर मुरूम लागतो. वर्धा आणि पैनगंगेच्या काठाकडे उतरलं की काळ्या मातीचा थर खोल होत जातो. वणीकडे खाली चुनखडक आणि कोळसा. म्हणून शेजाऱ्यानं पाच फूट खणलं म्हणून आपणही पाच फूट, हा हिशेब चुकीचा. नकाशा काढायच्या आधी प्लॉटच्या दोन टोकांना दोन खड्डे खणून बघा. दोन मजुरांचं एका दिवसाचं काम आहे. मुरूम पाच-सहा फुटांत लागला तर पाया त्यात उतरवा आणि निश्चिंत व्हा. नाही लागला तर एखाद्या इंजिनिअरला फी देऊन अंडर-रीम्ड पाइलचा विचार करा. पाइल म्हणजे जमिनीत खोल ओतलेला खांब. याचा तळाशी फुगवटा असतो, खांबाच्या जाडीच्या अडीच पटीपर्यंत. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं हे तंत्र आपल्या काळ्या मातीसाठीच विकसित केलं. कारण सरळ आहे: साधारण साडेतीन मीटरच्या खाली मातीचं हे फुगणं-आक्रसणं जवळजवळ थांबतं. खांब तिथं रोवला की वरच्या मातीनं काय हवा तो दंगा करावा. फक्त पाइलवरच्या बीमच्या खाली थोडी पोकळी सोडायची, म्हणजे फुगलेली माती बीमला उचलत नाही.

दुसरी गोष्ट जोत्याची. पायातून निघालेली काळी माती जोत्यात परत भरायची नाही. नाही म्हणजे नाही! ठेकेदाराला ती हवीच असते, फुकटची भर आणि उचलायचा खर्च वाचतो. आमच्या आत्याच्या घरात हेच झालं. दुसऱ्या पावसाळ्यात हॉलच्या मधोमध फरशी कासवाच्या पाठीसारखी वर आली, आणि तोवर ठेकेदार फोन उचलेनासा झाला होता. भर मुरमाचीच घाला, सहा-आठ इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसानं ठोकून. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी सत्तरच्या दशकात यावर मोठं काम केलं. न फुगणाऱ्या पण एकमेकांना धरून राहणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर काळ्या मातीवर दिला, तर खालचं फुगणं आटोक्यात येतं, हे त्यांनी दाखवलं. चांगला मुरूम हेच काम करतो. जुने लोक जोत्याला एक पावसाळा खाऊ द्यायचे, म्हणजे भर बसायची ती आधीच बसून घ्यायची. घाई नसेल तर आजही हाच सल्ला सोन्यासारखा आहे.

तिसरी गोष्ट, घराच्या कडेचं पाणी. काळी माती सगळीकडे सारखी ओली किंवा सारखी कोरडी राहिली तर फारसा त्रास नाही. एका कोपऱ्यात ओली आणि दुसऱ्यात कोरडी झाली की घर वाकडं. म्हणून घराभोवती तीन-चार फुटांचा पक्का पट्टा करा, उतार बाहेरच्या बाजूला. न्हाणीचं पाणी भिंतीजवळ मुरू देऊ नका. शोषखड्डा घरापासून लांब आणि मुरमापर्यंत खोल, कारण काळ्या मातीत खणलेला शोषखड्डा शोषत नाहीच, नुसतं डबकं होतं. आणि आपला खास वैदर्भीय पाहुणा, कूलर! चार महिने कूलर एकाच खिडकीखाली टपटपत असतो आणि त्याच कोपऱ्याला चीर जाते. कूलरची जागा नकाशातच ठरवा, खाली छोटा ओटा आणि निचऱ्याची नळी द्या. त्याच्या समोरच्या भिंतीत खिडकीही ठेवा. हवा बाहेर गेली नाही तर कूलर खोलीची न्हाणी करतो. कडुनिंब दारात हवाच, पण भिंतीला खेटून नको. त्याची मुळं उन्हाळ्यात पायाखालचं पाणी ओढून घेतात. झाडाच्या वाढत्या उंचीएवढं अंतर ठेवता आलं तर उत्तम.

हे झालं जमिनीचं. आता मे महिन्यातला स्लॅब.

काँक्रीट वाळून घट्ट होतं असा सार्वत्रिक समज आहे. ते वाळून नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया आठवडेच्या आठवडे चालू असते, पाणी उडून गेलं की ती थांबते. आयएस ४५६ या भारतीय संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीत कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस काँक्रीट ओलं ठेवायला सांगितलं आहे, आणि आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या राखमिश्रित सिमेंटसाठी १४ दिवसांची शिफारस आहे. आपल्याकडे किती दिवस पाणी मारतात? टँकर येईपर्यंत!

म्हणून हिशेब आधी करा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर आळी करून एक इंच पाणी साठवायचं तर एका वेळी सुमारे २,४०० लिटर लागतं, आणि रोज उडेल तेवढी भर वेगळी. या पाण्याची सोय नसेल तर मे महिन्यात स्लॅब टाकूच नका. दोन महिने थांबा, पावसाची उघडीप बघून टाका. मुहूर्त चुकला तर गुरुजी दुसरा काढून देतात. कच्च्या राहिलेल्या स्लॅबला मात्र कोणीही दुसरा मुहूर्त देत नाही.

उन्हाळ्यातच टाकायचा असेल तर संध्याकाळी सुरू करा, गिट्टी आदल्या दिवशीच भिजवून सावलीत ठेवा. आणि पाण्याच्या बादलीवर घरातलं एक माणूस बसवा. एम-२० काँक्रीटला, म्हणजे एक पोतं सिमेंट, दीडपट रेती, तिप्पट गिट्टी, ५० किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. उन्हात माल लवकर घट्ट होतो म्हणून मजूर वरून बादली ओततात, पसरायला सोपं जातं. ती वरची बादली स्लॅबची ताकद खाते. लोखंडाखाली गिट्टीचा तुकडा नको, सिमेंटचे ठोकळे हवेत. स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४० मिलिमीटर आवरण. लोखंड वजन करून घ्या. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो भरते, म्हणजे १२ मीटरची एक सळई साधारण पावणेअकरा किलो. फार कमी भरली तर गाडी परत. पोत्यावर सिमेंटचा आठवडा आणि साल छापलेलं असतं, तेही वाचा. तीन महिन्यांपूर्वीचं असेल तर नको म्हणा. यात लाजण्यासारखं काही नाही. साडी घेताना आपण पदर उलटून बघतोच की!

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, यवतमाळकरांना २०१८ चा उन्हाळा आठवत असेल. निळोणा आणि चापडोह आटले आणि शहरात टँकरमागे माणसं धावत होती. आपल्याकडे वर्षाला साधारण नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छतावर तो ऐंशी हजार लिटरच्या वर होतो. गळती सोडली तरी साठ हजार लिटर कुठं गेले नाहीत. छताचं पाणी एका पाइपात आणून गाळून विहिरीत किंवा बोअरमध्ये सोडायला जो खर्च येतो, तो दर्शनी भागाच्या एका खांबाच्या नक्षीपेक्षा जास्त नाही. फक्त ते पायाशी सोडू नका, वर सांगितलंच आहे.

आता छप्पर. कवेलूचं घर जाऊन स्लॅब आला आणि आपण रात्री अंगणात झोपायला लागलो, ही प्रगती मला कधी कळली नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री घरात उष्णता ओततो. यावर महागडे उपाय शोधण्याआधी चुन्याची सफेदी करा. वणीजवळ राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, म्हणजे माल घरचाच. दर उन्हाळ्याच्या तोंडावर दोन हात मारले की फरक तळपायालाच कळतो. त्याहून चांगलं म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर. खिडक्यांवर दोन फुटांचे छज्जे हवेत. पश्चिमेला काचेची मोठी खिडकी नको, ओसरी हवी, किंवा जिना, न्हाणी, कोठार त्या बाजूला घ्या. लॉरी बेकर या वास्तुकारानं केरळात रॅट-ट्रॅप पद्धतीच्या विटकामाचा खूप प्रसार केला. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची. यात सुमारे पाव विटा वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. आपले मिस्त्री कुरकुरतील, पण एक भिंत करून बघायला काय हरकत आहे? वास्तुशास्त्राशी माझं भांडण नाही, पण मे महिन्यातल्या चार वाजताच्या उन्हाला वास्तुशास्त्र कळत नाही.

मावसबहिणीला वेगळं सांगायचं आहे. बाई, जुनं घर सरसकट पाडू नकोस. सागाच्या नाटा आणि खांब आज विकत घ्यायला गेलीस तर डोळे पांढरे होतील. पण एक लक्षात ठेव. मातीच्या किंवा दगडमातीच्या जुन्या भिंतींवर स्लॅब टाकायचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः जड छपरांखाली आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली. तिथं नंतर दुरुस्तीच्या कामात भिंतीच्या आरपार जाणारे बांधदगड घालायला आणि भिंतींना पट्टा द्यायला शिकवलं गेलं, ते आपल्यालाही लागू आहे. शेजारच्या हिंगोलीत २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, तेव्हा हे काही फार लांबचं राहिलेलं नाही. धाब्याची माती दर वर्षी वाढवत नेली असेल तर आधी ती उतरव. छप्पर हलकं ठेव.

आणि पुतण्या, तुला पैशाचं. केंद्राच्या घरकुल योजनेत २०१६ पासून सपाट भागाला १ लाख २० हजार रुपये मिळत आले आहेत, २०२५ मध्ये राज्यानं त्यात ५० हजारांची भर जाहीर केली. योजनेचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे पावणेतीनशे चौरस फूट. लोक तेवढ्या पैशात सहाशे फुटांचा पाया टाकतात, सज्जापर्यंत येतात आणि मग सावकाराकडे जातात. गावोगाव छतावर सळया काढून ठेवलेली घरं बघ. वरच्या मजल्याची आशा आठ-दहा वर्षं गंजत उभी असते. कर्जाची गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही, आणि ती प्रत्येक वेळी शेतातूनच सुरू होते असंही नाही. एखादी घराच्या पायातूनही सुरू होते. दोन खोल्या बांध, पण पक्क्या बांध. तिसरीसाठी जागा सोड, आणि ती कर्ज न काढता येईल तेव्हाच काढ.

ठेका कागदावर लिहून घ्या, नात्यातला मिस्त्री असला तरी, किंबहुना असला तर जास्तच. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि शेवटचा दहावा हिस्सा एक पावसाळा गेल्यावर. रोज किती पोती फुटली ते वहीत लिहा.

एवढं सगळं करून कोणी घर बघायला आलं तर यातलं काहीच त्याला दिसणार नाही, हे खरं. मुरूम फरशीखाली, आवरण काँक्रीटच्या आत, पाइप जमिनीत. पाहुणे म्हणतील, साधंच बांधलं. म्हणू देत. पंधरा वर्षांनी भिंतीला चीर नसेल आणि मे महिन्यात म्हातारी माणसं दुपारी आत झोपू शकत असतील, तर ते घर चांगलं झालं असं मी म्हणेन.