परीक्षार्थ्याच्या घरीं

माघ-फाल्गुनाचे दिवस आले कीं, ज्या घरांत दहावीचा विद्यार्थी आहे त्या घराची कळाच पालटते. पाहुण्यांस मनाई होते, दूरचित्रवाणी मुकी होते, आई दबल्या आवाजांत बोलूं लागते. हें सारें प्रेमापोटीं घडतें, यांत शंका नाहीं. परंतु आमच्या मतें मुलाच्या भयाचें मूळ पुष्कळदां प्रश्नपत्रिकेंत नसून या शांततेंतच असतें. सर्व कुटुंबाची अब्रू आपल्या गुणांवर टांगलेली आहे, हें त्यास कोणीं न सांगतां कळतें.

वस्तुतः परीक्षा पूर्वींइतकी निष्ठुर राहिलेली नाहीं. मार्चमध्यें अनुत्तीर्ण झालेल्यांस पूर्वीं पावसाळा सरेपर्यंत थांबावें लागे. राज्य मंडळानें २०१५ सालीं जुलैंतच पुन्हां परीक्षा घेऊन त्यांचें वर्ष वांचविण्याची सोय केली. हें मुलास परीक्षेपूर्वींच सांगावें. त्यानें तें आळशी होईल, ही भीति व्यर्थ आहे.

पहांटे तीनपर्यंत दिवा जळतो, याचा कित्येक पालकांस अभिमान वाटतो. आम्हांस तो मुळींच मान्य नाहीं. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस रोज ८ ते १० तास झोप हवी, असें अमेरिकेंतील निद्रावैद्यकाच्या संस्थेनें २०१६ सालीं सांगितलें; दिवसा वाचलेलें मनांत स्थिर होण्यास झोपेचेंच साह्य होतें. घोकंपट्टीचीही तीच गत. रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उतारा पुनःपुन्हां वाचणारांपेक्षां पुस्तक मिटून आठवून लिहिणारांच्या ध्यानांत तो आठवड्यानंतर अधिक राहिला. गंमत अशी कीं, आपणांस चांगलें येतें हा विश्वास मात्र वाचणारांसच अधिक होता! तेव्हां आईनें कणीक मळतांना ‘आज काय वाचलेंस, मला सांग बरें’ इतकें म्हटलें तरी अभ्यासास मोठाच हातभार लागेल.

पेपर देऊन आलेल्या मुलास दाराशींच ‘किती गुणांचें सुटलें?’ असें विचारूं नये. आधीं जेवूं घालावें.

मात्र मूल जेवेनासें झालें, रात्रीमागून रात्री झोपेना, किंवा ‘मी नसतों तर बरें’ असें बोललें, तर तें नाटक समजूं नये. त्याच्याजवळ बसावें, रागें न भरतां ऐकावें, एकटें सोडूं नये, वैद्यकीय सल्ला घ्यावा. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठींतूनही बोलतां येतें. विद्यार्थिमित्रांनो, तो क्रमांक तुम्हीं स्वतः फिरविला तरी चालतो. त्यास प्रगतिपुस्तकासारखी पालकांची सही लागत नाहीं.