आमच्या गावचा प्रश्न कोणी विचारावयाचा?

सन २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या आणि शिक्षण भ्रमणध्वनीवरून सुरू झाले. त्या पावसाळ्यात सत्तरी व सांगे या तालुक्यांतील कित्येक विद्यार्थी छत्री आणि वह्या घेऊन टेकडी चढत असत. कारण घरात बसून शिक्षकांचा आवाज ऐकू येत नसे. पुष्कळांनी त्याबद्दल हळहळ व्यक्त केली, काहींनी कंपन्यांना व सरकारला दोष दिला. परंतु जी लहर टेकडीवर पोचते ती घरात का पोचत नाही, हा प्रश्न आमच्यापैकी फारच थोड्यांनी विचारला. आमच्या मते खरी उणीव तेथेच आहे.

बिनतारी संदेशवहनाचे शास्त्र आपणांस परके नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात तारेवाचून दूरची घंटा वाजवून दाखविली. अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून त्यांवर त्यांनी प्रयोग केले. अशाच मिलिमीटर लहरींकडे आज सारे जग पुन्हा वळले आहे. तथापि पूर्वजांचे नाव घेतल्याने आजचे काम होत नसते. आजचे काम कोणते, ते समजून घेतले पाहिजे.

पाचव्या पिढीच्या संदेशवहनासाठी भारतात २०२२ साली लहरींच्या पट्ट्यांचा लिलाव झाला. त्यांत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा होता, तसाच २६ गिगाहर्ट्झचाही होता. पहिल्यातील लहर सुमारे ४३ सेंटिमीटर लांब, तर दुसऱ्यातील जेमतेम १२ मिलिमीटर. लांब लहर दूरवर जाते, अडथळ्यास काहीसा वळसा घालते आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरते. पण तिच्या पट्ट्यात जागा थोडी. आखूड लहरींच्या पट्ट्यात जागा विपुल. पण भिंत त्यांना अडविते, ओली पाने त्यांना शोषून घेतात आणि मुसळधार पावसात त्या क्षीण होतात. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ सालीच सिद्ध केले की, पट्ट्याची रुंदी आणि संदेश व गोंगाट यांचे प्रमाण ठरले, म्हणजे किती संदेश बिनचूक पाठविता येईल याची मर्यादाही ठरते. ही मर्यादा पैशाने किंवा हुकुमाने ओलांडता येत नाही. म्हणजे वेग हवा तर पल्ला कमी, आणि पल्ला हवा तर वेग कमी, असा हा पेच आहे.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. मनोऱ्यावरील यंत्र कित्येक वॅट शक्तीने बोलते. आपल्या हातातील फोन मात्र साधारणतः वॅटच्या पाचव्या हिश्शाएवढ्याच शक्तीने उत्तर देतो. अधिक शक्ती लावावी तर बॅटरी टिकत नाही. त्यामुळे मनोऱ्याची हाक फोनपर्यंत येते, पण फोनचे उत्तर मनोऱ्यापर्यंत पोचत नाही. दूरच्या गावाचा प्रश्न बहुधा येथेच अडतो.

आता संशोधकांनी यांपैकी कोणता प्रश्न आधी सोडवावा? ज्याच्या अंगणात अडचण असते, तोच ती आधी मांडतो. नव्या पिढीच्या यंत्रणेची ग्रामीण भागासाठी परीक्षा ठरली, तेव्हा तीत दोन मनोऱ्यांमधील अंतर १७३२ मीटर धरले होते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतूची तार पोचते आणि पुढची वाडी कित्येक किलोमीटर दूर असते. मद्रास व हैदराबाद येथील आय. आय. टी. मधील संशोधक आणि भारतीय मानके ठरविणारी संस्था यांनी हा मुद्दा नेटाने मांडला. तेव्हा २०१७ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने ६ किलोमीटर अंतराची परीक्षाही त्यात घातली. फोनच्या क्षीण उत्तराचा पल्ला वाढविण्याची युक्तीही भारतीय संशोधकांनी पुढे मांडली. आमच्या मते यातील बोध मोठा आहे. प्रश्नच कोणी विचारला नसता, तर उत्तर शोधण्याचा प्रश्नही उद्भवला नसता.

कोणी म्हणेल की, परदेशांत मोठमोठ्या प्रयोगशाळा आहेत. त्यांनी शोधावे व आपण विकत घ्यावे, यात वावगे काय? विकत घेण्यास आमचा विरोध नाही. ज्ञानाला सीमा नसते. परंतु दाट वस्तीच्या सपाट शहरासाठी घडविलेली वस्तू सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीत तशीच चालेल, हे गृहीत धरणे भाबडेपणाचे आहे. पोफळींचे गर्द कुळागर, चार महिन्यांचा पाऊस, चिऱ्याच्या जाड भिंती आणि डोंगराआड वसलेली पंधरा-वीस घरे, ही आमची परिस्थिती. ती आम्हीच मोजून मांडली नाही, तर दुसरा कोणी ती का मांडील?

आणि मोजण्यास मोठी प्रयोगशाळा लागते असेही नाही. लहरीची शक्ती किती येते याचा आकडा पुष्कळ फोनांच्या सेटिंग्जमध्ये पाहावयास मिळतो. ओसरीवर, माजघरात, कुळागरात आणि टेकडीवर; उन्हाळ्यात व भर पावसात; रोज एकाच वेळी तो आकडा वहीत लिहावा. वर्षअखेर अशा वीस गावांच्या वीस वह्या शाळेत जमल्या, तर पाऊस किती हरण करतो, पाने किती आणि भिंत किती, याचा आपल्या परिसरापुरता अंदाज आपल्या हाती येईल. भौतिकशास्त्राच्या तासाला त्याहून जिवंत पाठ कोणता?

हातातील यंत्रावर चित्रे पाहण्यात आम्ही तरबेज झालो आहोत. त्या यंत्रास प्रश्न विचारण्यास अद्याप शिकलो नाही. येत्या पावसाळ्यात आमचे बंधुभगिनी टेकडीवर जातील, तर छत्रीबरोबर ती वहीही घेऊन जावोत. टेकडी चढण्याची पाळी त्यांच्या धाकट्या भावंडांवर येऊ नये, अशी इच्छा असेल तर आरंभ त्या वहीपासूनच झाला पाहिजे.