अकरा महिन्यांचा संसार

वडखळच्या ट्रॅफिक जॅममधून सुटून धरमतरचा पूल चढला, की अलिबागच्या वीकेंडवाल्यांना खाडी दिसते, बार्ज दिसतात, डोलवीच्या स्टील प्लांटची धुरांडी दिसतात. दिसत नाही ती इथली भाड्याची दुनिया. पेण-वडखळचे शिफ्टवाले इंजिनीअर, रोह्यात राहून धाटाव एमआयडीसीत जाणारे केमिस्ट, बँकेतले नवे प्रोबेशनर... सगळ्यांचा संसार एक गादी, एक गॅस, एक टीव्ही आणि एक ‘लिव्ह अँड लायसन्स’. मुदत अकरा महिने. पण बदलीची ऑर्डर काय करार वाचून येते?

माझ्या एका मित्राला ती चौथ्या महिन्यात आली. भाडं ९ हजार, डिपॉझिट २७ हजार आणि करारात ‘सहा महिने लॉक-इन’. मालक पेणचेच, स्वभावाने बरे. पण डिपॉझिटचा विषय निघाला, की भल्याभल्यांचा आवाज बदलतो. ‘‘काका, पुढच्या आठवड्यात बदलीच्या गावी हजर व्हायचंय.’’ ‘‘जा ना बाबा. पण लॉक-इन मोडलास, डिपॉझिट विसर!’’

आता इथे थोडं थांबू. लॉक-इन म्हणजे मौजमजा नव्हे, ती अट खरीच असते. नोटीस न देता बॅग उचलून निघालात, तर मालकाचं नुकसान तुम्हाला भरून द्यावंच लागतं. पण किती? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत राहून वाजवी भरपाई मागता येते. डिपॉझिट सरसकट गिळंकृत करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६३ च्या फतेहचंद खटल्यातच सांगून ठेवलंय. शिवाय नवा भाडेकरू लगेच मिळाला, तर मालकाचं असं नुकसान तरी किती होणार?

मित्राने कोर्टाची भाषा काढलीच नाही. त्याने ऑफिसमधला नवा जॉइन झालेला मुलगाच काकांपुढे उभा केला. सेटलमेंट झाली : एक महिन्याचं भाडं काकांना, १८ हजार परत. निघताना त्याने तीन गोष्टी केल्या. लाइटच्या मीटरचं रीडिंग टिपलं, खोल्यांचे फोटो काढले आणि ‘करार आपसात रद्द, चावी मिळाली’ अशा कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या. तो कागद महत्त्वाचा. कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार लायसन्स संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भाडं भरावं लागतं. आपण जागा कधी सोडली, याचा पुरावा आपल्याच खिशात हवा.

आणि करार रजिस्टर करायचाच. त्याच कायद्याच्या कलम ५५ मध्ये ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. रजिस्टर केला नाही, तर अटींबाबत वाद झाल्यास भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. ‘अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर कशाला?’ हे एजंटचं वाक्य महाराष्ट्रात चालत नाही, बॉस!

आता उलटी बाजू. घर तुम्ही सोडत नाही, घरच तुम्हाला सोडतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर दोन ट्रेनी राहायचे. पत्रे उडाले, पाणी आत आलं. गादी, टीव्ही, लॅपटॉप सगळं खलास. मालकाच्या विम्यात भिंती आणि छप्पर होतं. पोरांचं सामान कुणाच्याच विम्यात नव्हतं.

अमेरिकेत ऑनसाइट जाऊन आलेल्यांना विचारा. तिथे अनेक अपार्टमेंटवाले रेंटर्स इन्शुरन्सचा कागद पाहिल्याशिवाय चावी देत नाहीत. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण करारातली ‘सामानाच्या नुकसानीला मालक जबाबदार नाही’ ही ओळ वाचली आहे का? बहुतेक करारांत असते. म्हणजे सक्ती नसली, तरी जोखीम तुमचीच!

इलाज आहे. १ एप्रिल २०२१ पासून जनरल इन्शुरन्स कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच साच्याची पॉलिसी विकतात. घर मालकाचं असलं, तरी भाडेकरू फक्त सामानाचा विमा काढू शकतो. आग, वादळ, पूर, भूकंप, दरड यात येतात. साधी घरफोडी येत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. दागिन्यांचंही वेगळं. आणि बदली झाली, की नव्या पत्त्याची नोंद करून घ्यायची, नाहीतर पॉलिसी पेणमध्ये आणि तुमचा टीव्ही भलतीकडे.

तर मंडळी, सहीआधी करारात दोन ओळी घालून घ्या. एक : ‘बदली झाल्यास एक महिन्याच्या नोटिशीवर करार संपेल, लॉक-इन लागू नाही.’ दुसरी : ‘डिपॉझिट चावी देतानाच परत.’ काका थोडे कुरकुरतील. कुरकुरू द्या. सहीआधी मालकाला भाडेकरू हवा असतो, नंतर फक्त त्याचं डिपॉझिट!