गाडीच्या विम्याचा महिन्याचा हिशेब

सुताच्या भावात किलोमागे एक रुपया कमी व्हावा म्हणून आपण व्यापारी लोक अर्धा दिवस घासाघीस करतो. पण विम्याचा एजंट दुकानात आला, चहा पिऊन त्याने एक आकडा सांगितला, की गल्ल्यातून तेवढी रक्कम काढून देतो आणि आलेला कागद न वाचता कपाटात ठेवतो. तो कागद पुन्हा बाहेर निघतो तो अपघात झाल्यावरच. आम्हीही याच जातीचे. म्हणून आधी स्वतःची चूक सांगतो, मग इतरांना चार शब्द सांगण्याचा हक्क मिळेल.

२०१९ च्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या भावाची पांढऱ्या पाटीची व्हॅन राहुड घाटाच्या उतारावर पुढच्या ट्रकला धडकली. अल्लाहची मेहेरबानी, माणसांना काही झाले नाही. दुरुस्तीचे बिल ८६ हजारांचे झाले. विमा पूर्ण होता, हप्ता वेळेवर भरलेला होता. सर्व्हेअर आला, त्याने गाडीचे फोटो काढले आणि मागच्या बाजूला भरलेल्या कापडाच्या ताग्यांचेही काढले. महिन्याभराने पत्र आले की क्लेम नामंजूर. कारण? गाडी खाजगी, आणि खाजगी गाडीच्या पॉलिसीत माल वाहून नेण्याला परवानगी नाही.

आम्ही एजंटावर खूप चिडलो. नंतर कागद वाचला तेव्हा चूक कोणाची ते कळले. खाजगी मोटारीच्या पॉलिसीवर वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने देणे चालणार नाही, आणि नमुने किंवा स्वतःचे सामान सोडून इतर माल नेणे चालणार नाही. म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायला दहा नमुन्यांचे तुकडे नेले तर हरकत नाही; पण सीट काढून चाळीस तागे भरले तर तो माल झाला. आमच्या गावात आज अशा किती पांढऱ्या पाटीच्या गाड्या रोज तागे, बीम, बॉबिन आणि तयार साड्या वाहतात हे वाचकांना आम्ही सांगायला नको. या सगळ्या गाड्यांचा विमा आहे, आणि खरे पाहिले तर नुकसानीच्या वेळी नाहीही.

लोक असे का करतात तेही समजून घेतले पाहिजे. विम्याचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाईचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवते, तेव्हा कोणत्याही कंपनीकडे गेलात तरी तो तितकाच. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. २००७ पासून त्याचे दर कंपन्या आपापले ठरवतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीला थर्ड पार्टीचे ३,४१६ रुपये होते, आणि साडेसात टनांपर्यंतच्या माल वाहणाऱ्या गाडीला १६,०४९. फरक वर्षाला १२,६३३ रुपये, म्हणजे महिन्याला हजाराच्या थोडा वर. हा हजार वाचवण्यासाठी आपण पांढरी पाटी ठेवतो. आमच्या भावाने दीड वर्षात एकोणीस हजार वाचवले आणि एका दुपारी ८६ हजार घालवले.

ज्यांचा माल थोडा आहे आणि गावातल्या गावातच फिरतो, त्यांनी माल वाहण्याच्या तीनचाकीचा विचार करावा. त्याच दरपत्रकात तिचा थर्ड पार्टी दर ४,४९२ रुपये होता, म्हणजे महिन्याला पावणेचारशेच्या आसपास. परमिटच्या झंझटीला घाबरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की एकूण वजन तीन हजार किलोपर्यंतच्या मालगाडीला कायद्याने परमिट लागत नाही. शिवाय जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालगाडीच्या विम्यावर भरलेल्या कराची वजावट मिळते. खाजगी मोटारीच्या विम्यावर मिळत नाही. कंपोझिशनवाल्यांना अर्थात दोन्हींवर नाही.

आता तुलनेचा हिशेब. समजा घरच्या वापराची १२०० सीसीची व्हॅन आहे आणि दोन कंपन्यांचे कोटेशन आले आहे. पहिलीने गाडीची किंमत, जिला विम्याच्या भाषेत आयडीव्ही म्हणतात, ३ लाख १० हजार धरली आणि स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ६,४०० सांगितला. पंचवीस टक्के नो क्लेम बोनस वजा जाता ४,८०० राहिले. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६, मालक-चालकाच्या अपघात विम्याचे ३३० मिळवा, वर १८ टक्के जीएसटी लावा. एकूण १०,०८४ रुपये. बाराने भागले की महिन्याला ८४० पडले. दुसरी कंपनी त्याच पद्धतीने ८,६६८ सांगते, महिन्याला ७२२. आपण म्हणतो, वा, दुसरी स्वस्त! पण तिने आयडीव्ही २ लाख ४० हजारच धरली आहे. उद्या गाडी चोरीला गेली तर पहिलीपेक्षा सत्तर हजार कमी मिळतील, आणि महिन्याची बचत किती, तर ११८ रुपये. कापड घेताना आपण तागा किती मीटरचा आहे ते आधी पाहतो, नंतर भाव. येथेही तेच करावे. हजार रुपयांच्या किमतीमागे पहिलीचा दर वीस रुपये पासष्ट पैसे आणि दुसरीचा वीस रुपये आहे. खरा फरक एवढाच. बाकीचे सगळे मीटर कमी करून केलेले काम.

झीरो डेप्रिसिएशन नावाची एक जोड मिळते. ती नसेल तर रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून निम्मे पैसे कापले जातात. वरच्या उदाहरणात तिचे दीड हजार धरले तर करासहित महिन्याला १४८ रुपये वाढतात. गाडी नवी असेल तर घ्यावी असे आमचे मत. जुन्या गाडीला कंपन्या ती सहसा देतच नाहीत.

आणि लहानसहान क्लेम करू नयेत. चार हजारांचा प्लास्टिकचा बंपर फुटला. ही जोड नसेल तर निम्मे कापले, राहिले दोन हजार; त्यातून हजार रुपये आपण सोसायचे असतात; हातात आले हजार. पुढच्या वर्षी बोनस पंचवीसचा पस्तीस व्हायचा तो शून्य झाला, म्हणजे ६,४०० वर २,२४० गेले. हजारासाठी सव्वादोन हजार घालवणारा व्यापारी आमच्या बाजारात तरी दिवाळखोर ठरेल. पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले तरी हा बोनस जातो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

काही बंधू म्हणतील, विमाच मुळात जायज आहे का? आम्ही मुफ्ती नाही. १९८५ साली जेद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीने व्यापारी विमा नामंजूर करून परस्पर सहकार्याचा विमा मान्य केला. मलेशियाने तकाफुलचा कायदा १९८४ सालीच केला होता. आपल्या देशात तकाफुलची परवानाधारक कंपनी नाही. थर्ड पार्टीचा विमा मात्र कायद्याने लादलेला आहे; त्याशिवाय रस्त्यावर गाडी आणणे गुन्हा आहे, आणि आपल्या गाडीखाली आलेल्या माणसाच्या मुलाबाळांचा हक्क त्यात गुंतलेला आहे. त्यापुढचा भाग घ्यावा की नाही, ते ज्याने त्याने आपल्या आलिमला विचारून ठरवावे. विचारताना एवढे जरूर सांगावे की दंगलीत जाळलेल्या गाडीची भरपाई पूर्ण पॉलिसीत मिळते, नुसत्या थर्ड पार्टीत एक पैसाही मिळत नाही. भिवंडीचे १९८४ आणि मुंबईचे १९९२-९३ ज्यांनी पाहिले त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

व्याजाचा प्रश्न मात्र दुसऱ्याच दाराने घरात शिरतो. विम्याचा हप्ता वर्षाचा, आणि तो आगाऊच भरावा लागतो. १९३८ च्या विमा कायद्यानुसार पैसे पोहोचल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. चेक परत आला तर पॉलिसीही गेली समजा. मग एजंट म्हणतो, कार्डावर मासिक हप्ते करून देतो. त्या हप्त्यांत बहुधा व्याज असते. त्यापेक्षा महिन्याचा आकडा आपणच काढावा आणि भिशीसारखा दर जुम्म्याला बाजूला टाकावा. ८४० रुपये म्हणजे आठवड्याचे दोनशेच्या आत. आमच्या दुकानात त्यासाठी वेगळी डबी आहे, आणि तिला हात लावायचा नाही असे मुलांना बजावलेले आहे. (एकदा रमजानमध्ये लावला गेला, तो आम्हीच लावला होता.)

टेंपोत बसणाऱ्या माणसांबद्दलही दोन शब्द. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालाबरोबर बसला तर कायदा त्याला विम्याचे संरक्षण देतो. पण वाटेत सलाम करणाऱ्या कोणालाही मागे चढवले तर त्याची जबाबदारी कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरवले आहे. हमालांसाठी वेगळा जादा हप्ता पॉलिसीत लिहिलेला आहे का, ते एजंटाला विचारावे आणि कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगावे.

आमच्या भावाच्या क्लेमचे पुढे काय झाले? काहीच नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगी गाडी भाड्याने दिल्याच्या एका प्रकरणात पूर्ण नकार न देता पंचाहत्तर टक्के देण्याचा निकाल दिला होता, हे आम्हाला एका वकील दोस्ताने सांगितले. विमा लोकपालाकडे फी न भरता तक्रार करता येते, हेही त्यानेच सांगितले. लोकपालाची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत. पण नकाराच्या पत्रापासून एक वर्षाच्या आत जायचे असते, आणि आम्ही विचारायला गेलो तेव्हा चौदा महिने झाले होते. ते पत्र अजून आमच्या खातेवहीत आहे. भावाने आता पिवळ्या पाटीची गाडी घेतली असून तिच्या पॉलिसीची झेरॉक्स गल्ल्याच्या काचेखाली ठेवली आहे.