नांगर कुठे टाकताय, बघा तरी!

परवा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला उतरलो होतो. शेजारच्या होडीचा नांगर थेट प्रवाळावर पडला, ओढला तेव्हा तुकडा मोडूनच वर आला. हे दगडासारखं दिसणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं हो! १९८७ पासून इथे सागरी अभयारण्य आहे. बरं, होडीवाल्यांना शिव्या घालून काय होणार? त्यांचं पोट त्यावर आहे, आणि त्या जागी होडी बांधायला मला एक बोया दिसला नाही. वाळूत काँक्रीटचे ठोकळे सोडा, साखळीने वर कायमचे बोये बांधा, होड्या त्यांनाच दोर लावतील. तोवर तांडेलदादांनो, आधी तळ बघा आणि नांगर वाळूतच सोडा. पर्यटक प्रवाळ बघायलाच येतात ना? बोये कोण आणि कधी लावणार, तेवढं कुणीतरी सांगा.