विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्स कारला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे की मूळचे पॉइंटच बरे?

भारतात आज ‘एमजी’ म्हटले की २०१९ मध्ये बाजारात आलेली हेक्टर डोळ्यांसमोर येते. जुन्या गाड्यांच्या शौकिनांसाठी मात्र एमजी म्हणजे एमजीबी. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या छोटेखानी स्पोर्ट्स कारचे उत्पादन झाले. जीटी हे बंद टपाचे रूप धरून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यातील बऱ्याच आजही रस्त्यावर आहेत. त्यांच्या मालकांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे सुरू आहे. प्लगला ठिणगी देणारी मूळची पॉइंट-कॉन्डेन्सरची व्यवस्था ठेवावी, की इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवून रोजची कटकट संपवावी? वरवर किरकोळ वाटणाऱ्या या प्रश्नात जुने यंत्र जपणे म्हणजे काय, हा मोठा प्रश्न दडला आहे.

पॉइंटचे इग्निशन चालते कसे?

अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅडिलॅकसाठी विकसित केलेली ही पद्धत पुढे अनेक दशके जगभरच्या गाड्यांत वापरली गेली. त्यांची कंपनी डेल्को. आपल्याकडच्या गॅरेजांमध्ये डिस्ट्रिब्युटरला आजही ‘डेल्को’ म्हणतात ते त्यावरूनच.

डिस्ट्रिब्युटरमध्ये धातूचे दोन छोटे संपर्कबिंदू असतात. तेच पॉइंट. ते मिटलेले असताना बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट कॉइलमधून वाहतो आणि तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होते. फिरणारा कॅम पॉइंट उघडतो, करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते ती या दाबामुळे. पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडून ते जळू नयेत, यासाठी कॉन्डेन्सर असतो.

एमजीबीच्या १७९८ सीसी, चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. प्रत्येक ठिणगीसाठी कॉइल भरायला साधारण साडेसहा मिलिसेकंद मिळतात. आरपीएम दुप्पट झाले की हा वेळ निम्मा होतो.

बिघाड नेमका कुठे होतो?

पॉइंटमधील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, म्हणजे साधारण नखाच्या जाडीएवढी ठेवावी लागते. कॅमवर घासणारी टाच झिजते तशी ही फट कमी होते. मग पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. इंजिनाचा दम कमी होतो, पेट्रोल जास्त लागते, सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. संपर्काचे पृष्ठभागही हळूहळू जळतात. म्हणून काही हजार किलोमीटरनंतर फिलर गेजने फट तपासणे, पॉइंट साफ करणे किंवा बदलणे आणि टायमिंग पुन्हा लावणे आले.

पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर चालवलेल्या पिढीला हे सगळे ओळखीचे आहे. ‘मिसिंग’ करणारी गाडी रस्त्याकडेला घेऊन पॉलिश पेपरने पॉइंट घासणारे चालक तेव्हा सर्रास दिसत. या व्यवस्थेचे बलस्थानही तेच. ती बहुतेक वेळा आधी कुरकुरते, मग थांबते. आणि थांबली तरी पाना, पॉलिश पेपर आणि थोडी माहिती एवढ्यावर पुन्हा सुरू होऊ शकते. अपवाद कॉन्डेन्सरचा. तो अचानक दगा देतो आणि हल्ली मिळणाऱ्या सुट्या भागांच्या दर्जाबद्दल जुन्या गाड्यांचे मालक सतत तक्रार करतात.

इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलने काय बदलते?

सर्वात सोप्या पर्यायात पॉइंट आणि कॉन्डेन्सर काढून त्या जागी एक छोटे मॉड्यूल बसते. शाफ्टवर चुंबकांची कडी चढवली जाते आणि चुंबक समोरून गेला की संवेदक ट्रान्झिस्टरला करंट तोडायला सांगतो. काही संचांत चुंबकाऐवजी प्रकाशकिरण वापरतात. घासणारा भागच नसल्याने फट लावण्याचा प्रश्न उरत नाही, टायमिंग बराच काळ स्थिर राहते आणि थंड इंजिन सहज सुरू होते. डिस्ट्रिब्युटरचे झाकण लावल्यावर बाहेरून फक्त एखादी जादा वायर दिसते.

दुसरा पर्याय संपूर्ण डिस्ट्रिब्युटर बदलण्याचा. काही आधुनिक डिस्ट्रिब्युटरांत वेग आणि भारानुसार ठिणगी किती आधी पडावी, हे मोबाइलवरूनही ठरवता येते. मूळ व्यवस्थेत हेच काम छोटी वजने, स्प्रिंग आणि व्हॅक्यूमची डबी करते.

मग अडचण काय?

पहिली अडचण बिघाडाच्या स्वरूपाची. चांगले मॉड्यूल क्वचित बिघडते, पण बिघडले की गाडी जागच्या जागी बंद पडते. रस्त्यावर ते दुरुस्त होत नाही, बदलावेच लागते.

दुसरी अडचण जोडणीची. १९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या बहुतेक गाड्यांत नेमके उलटे असते. चुकीच्या ध्रुवतेचे मॉड्यूल जोडले तर ते क्षणात जळू शकते. इंजिन बंद असताना किल्ली ‘ऑन’ ठेवली तरी काही मॉड्यूल तापून खराब होतात. सुरुवातीच्या गाड्यांमधील आरपीएम मीटर इग्निशनच्या करंटवर चालतो, त्यामुळे बदलानंतर त्याचा काटा चुकीचा आकडा दाखवू शकतो. कॉइलचा रोध आणि प्लगच्या वायरीही मॉड्यूलला साजेशा असाव्या लागतात.

तिसरी अडचण निदानाची. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट झिजून हलत असेल, वजनांचे स्प्रिंग सैल झाले असतील किंवा व्हॅक्यूमच्या डबीचा पडदा फाटला असेल, तर पॉइंट कितीही नेटके लावले तरी गाडी नीट चालत नाही. अशा वेळी दोष पॉइंटच्या माथी मारला जातो. मॉड्यूल बसवल्यावर शाफ्टची खोट काही अंशी झाकली जाते, पण स्प्रिंग आणि पडदा होते तसेच राहतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलचेही तेच. त्याचा मुख्य त्रास रबरी नळ्या, सील आणि कार्ब्युरेटरमधील मिश्रणाला होतो. तो इग्निशन बदलून जात नाही.

‘मूळ’ म्हणजे तरी काय?

इलेक्ट्रॉनिक इग्निशन म्हणजे आजकालची भेसळ, हा समज इतिहासाला धरून नाही. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटमध्ये १९६४ पासून ट्रान्झिस्टर इग्निशनचा पर्याय मिळत होता. पोर्शेच्या ९११ मध्ये १९६९ च्या मॉडेलपासून कपॅसिटर-डिस्चार्ज इग्निशन आले. खुद्द अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एमजीबीला १९७५ पासून कारखान्यातूनच लुकास कंपनीचे इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसू लागले. त्याच्या भरवशाबद्दल तक्रारी झाल्या आणि काही मालकांनी ते काढून जुने पॉइंट बसवले. म्हणजे १९७७ च्या अमेरिकी एमजीबीत आज पॉइंट दिसले, तर काटेकोर अर्थाने तोच ‘फेरफार’ ठरतो. मूळ काय, हे त्या गाडीचे वर्ष आणि बाजारपेठ पाहूनच ठरवावे लागते.

नियम काय सांगतात?

ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने २०१२ मध्ये ट्यूरिन सनद स्वीकारली. गरजेपोटी बदल करायचे झाल्यास ते मूळ रूपाशी विसंगत नसावेत, पुन्हा उलटवता येण्याजोगे असावेत, त्यांची नोंद ठेवावी आणि काढलेले भाग जपावेत, असा तिचा आशय आहे.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून, मोठे बदल न झालेल्या ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. तिथे मोठा बदल ठरवताना चासी, ॲक्सल, इंजिन असे मुख्य भाग पाहिले जातात. भारतात जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम अधिसूचित झाले. ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नवी नोंदणी २० हजार रुपयांत १० वर्षांसाठी होते. वाहन मूळ रूपात जपलेले असावे आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत, ही त्यातील मुख्य अट. म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखालचा बदलही नोंदवून ठेवणे आणि जुने भाग सांभाळणे मालकाच्याच हिताचे.

मग करावे काय?

निर्णय गाडीचे काम पाहून घ्यावा. स्पर्धांमध्ये परीक्षकांसमोर उभी राहणारी किंवा आजवर कुणीही हात न लावलेली गाडी असेल, तर पॉइंटच ठेवावेत. अशा गाड्या थोड्या उरल्या आहेत आणि ती यंत्रणा मुळात कशी होती, याचा पुरावा त्यांच्यातच आहे. लांबच्या प्रवासाला, घाटात आणि भर रहदारीत चालणारी गाडी असेल, तर झाकणाखाली बसणारे मॉड्यूल हा रास्त पर्याय आहे. त्यामुळे गाडी चालती राहते, आणि चालती गाडी उभ्या गाडीपेक्षा जास्त काळ टिकते.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. आधी डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट, स्प्रिंग आणि पडदा तपासून घ्यावेत. बदलासाठी कुठेही भोक पाडू नये, मूळ वायर कापू नये. आणि आधी जुळवून ठेवलेले पॉइंट, कॉन्डेन्सर व फिलर गेज डिकीत कायम असू द्यावेत. मॉड्यूलने दगा दिला तर अर्ध्या तासात तीच गाडी जुन्या पद्धतीने घरी आणता येते.

याला जोडून एक काळजी उरते. मुंबईत २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. कानाने आवाज ऐकून टायमिंग लावणारे मिस्त्रीही आता म्हातारे होत आहेत. सुटा भाग पुन्हा बनवता येतो. तो लावण्याचे कसब मात्र कुणीतरी शिकून घेतले तरच टिकते. मॉड्यूल बसवणाऱ्यानेही वर्षातून एकदा पॉइंट लावून पाहावेत. डिकीतली ती डबी उघडायची वेळ आली, तर ती वापरता आली पाहिजे.